ग्रिलचे अठरा हजार द्यावेत का?

प्रश्न: आमच्या वडिलांनी १९७१ मध्ये घेतलेली फियाट ११०० डिलाइट नौपाड्यात आमच्या इमारतीच्या आवारात उभी आहे. वडील जाऊन सहा वर्षं झाली, गाडी त्याच्याही आधीपासून बंद आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. गाडी होती तशी करून पुन्हा रस्त्यावर आणावी, ही फार दिवसांची इच्छा. मिस्त्री म्हणतात, "साहेब, करायचं तर सगळं ओरिजिनल टाका, नाहीतर हात लावू नका." पण भाव ऐकून झोप उडाली. पुढच्या ग्रिलचे गेल्या वर्षी नऊ हजार सांगितले होते, आता अठरा. दोन बंपर, हबकॅप, मागच्या लाइटच्या काचा, मीटर आणि रबर किट धरून नुसत्या सामानाची यादी सव्वादोन लाखांवर गेलीय. विकणारा म्हणतो, आत्ता उचला, पुढे पैसे देऊनही मिळणार नाही. त्यात इमारत पुनर्विकासाला चाललीय, सहा महिन्यांत आवार रिकामं करायचंय. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात दे आणि मोकळा हो. नाहीतरी पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार घेऊनच जाणार आहे. बायको काहीच बोलत नाही, ते जास्त अवघड आहे. सामान आत्ताच घेऊन ठेवू का?
र. द., नौपाडा, ठाणे

र. द.,

घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही, आणि त्या यादीतलं रबर किट तर कधीच नाही.

तुमच्या पत्रात ग्रिलचा भाव आहे, विकणाऱ्याची घाई आहे, पण आज गाडीवर जी ग्रिल आहे तिचं काय झालं हे कुठेच लिहिलेलं नाही. मोडलीय? चोरीला गेलीय? की पावसापाण्यात नुसती काळवंडलीय? माझा अंदाज असा की ती जागेवर आहे, फक्त बघवत नाही. तसं असेल तर अठरा हजारांचा प्रश्नच निकालात निघतो.

दुसरं म्हणजे, यादी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. ग्रिल, बंपर, हबकॅप, काचा, मीटर. यात ब्रेक कुठे आहेत? वायरिंग कुठे आहे? खालच्या पत्र्याचं काय? इतकी वर्षं एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक जाम असणार, पेट्रोलच्या टाकीत गंज असणार आणि पायाखालचा पत्रा कुठे ना कुठे चाळण झालेला असणार. सव्वादोन लाख मोजल्यावरही ही गाडी आवाराच्या फाटकापर्यंत येणार नाही. ती यादी गाडी चालवायची नाही, गाडीचा फोटो काढायची आहे.

आता भावाबद्दल. तो खोटा नाही, पण तुमच्या यादीत दोन वेगळे बाजार एकत्र कालवलेत.

तुमची गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली आणि पुढे फियाटच्या परवान्यावर ११०० इथेच बनवली. आधी ती गोल पाठीची, जिला सगळी मुंबई 'डुक्कर फियाट' म्हणायची, आणि १९६४ पासून तुमची चौकोनी डिलाइट. १९७२ मध्ये तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली, ग्रिल बदलल्या, डॅशबोर्ड बदलले, पण खालची गाडी बरीचशी तीच राहिली: १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. आणि ही पद्मिनी पुढे पंचवीसेक वर्षं निघत राहिली, त्यातली हजारो टॅक्सीत गेली.

ती टॅक्सी म्हणजे या सगळ्या सामानाची अन्नदाती होती. टॅक्सीवाल्याला किंगपिन, क्लच प्लेट, वॉटर पंप सतत लागायचे, म्हणून ऑपेरा हाऊसच्या दुकानांपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत कुठेही विचारा, माल हजर. नवा नको असेल तर भंगारात निघालेल्या टॅक्सीवरून काढलेला मिळायचा, तोही किरकोळीत. मग टॅक्सीला आधी पंचवीस वर्षांची मर्यादा आली, नंतर वीस वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचीही मुदत संपली. टॅक्सी गेल्यावर रोजचं गिऱ्हाईक गेलं आणि भंगारातून येणारा मालही आटला. उरले ते तुमच्यासारखे: वर्षातून एकदा येणारे, एकच नग मागणारे आणि मन अडकलेलं असल्यामुळे घासाघीस न करणारे. दुकानदाराला हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतं.

म्हणजे पद्मिनीत आणि डिलाइटमध्ये जे सारखं आहे, इंजिनचं, क्लचचं, पुढच्या जोडणीचं, ते अजून मिळतं, भावही पोटात गोळा यावा असे नाहीत. फक्त डिलाइटचं जे आहे, म्हणजे ग्रिल, मोनोग्राम, चमकपट्ट्या, मीटर, त्याला आग लागलीय. बुश दोन-चार नग सांगूनही खरादून मिळतं. ग्रिलसारखा दाबून काढलेला भाग मात्र डायशिवाय, म्हणजे साच्याशिवाय, निघत नाही, आणि पंधरावीस गिऱ्हाइकांसाठी कोणी डाय करत नाही. म्हणून डिलाइटच्या ग्रिलचा भाव उतरेल अशी आशा मी दाखवणार नाही. विकणारा तेवढ्यापुरता खरं बोलतोय.

(कोणी जीएसटी वाढल्याचं कारण पुढे केलं तर हसून सोडून द्या. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. आणि बिल मागून बघा, त्या क्षणी भाव कसा बदलतो ते कळेल.)

तरीही घेऊ नका म्हणतोय, कारण गाडी खोलल्याशिवाय तुम्हाला काय हवंय हेच ठाऊक नाही. यादी मिस्त्रीने बाहेरून बघून केलीय. मिस्त्री लबाड आहेत असं मी म्हणत नाही. 'सगळं ओरिजिनल टाका' म्हटलं की त्यांची जबाबदारी संपते: भाग बसला नाही तर मालाचा दोष, मिळाला नाही तर बाजाराचा. तरी ते आणि विकणारे एकमेकांचे कोण, हे एकदा सहज विचारून ठेवा.

आणि ओरिजिनल म्हणजे नक्की काय? दुकानात या नावाखाली तीन-चार प्रकारचा माल खपतो. कंपनीच्या खोक्यातला, न वापरलेला जुना साठा. कंपनीला जो माल पुरवायचा त्याच कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या खोक्यातला. हा बहुधा तोच भाग असतो आणि स्वस्त पडतो. दुसऱ्या गाडीवरून काढलेला. आणि चौथा, काल बनवून आज जुन्या खोक्यात घातलेला. रिकामी जुनी खोकी कोणी विकत मागितली तर ती कशाला हवी असतात, हे आता सांगायला नको.

या चारांपेक्षा अस्सल असा पाचवा माल तुमच्या आवारात फुकट उभा आहे. १९७१ मध्ये कुर्ल्यात तुमच्याच गाडीवर बसवलेली ग्रिल, तिच्याच भोकांत बसलेली, तिच्याच पत्र्याला घासून बेतलेली. कुठल्या अनोळखी गाडीची ग्रिल तिच्याहून ओरिजिनल कशी असेल? तेव्हा आधी आपलं आहे ते दुरुस्त करायचं, ते खरंच हाताबाहेर गेलं असेल तरच दुसरं शोधायचं. पितळेचं पातेलं काळं पडलं म्हणून आपल्या आज्या टाकून देत नव्हत्या, कल्हईवाल्याला हाक मारत होत्या.

या रविवारी फ्रिजवरचं एखादं चुंबक काढा आणि खाली उतरा. बरोबर ओलं फडकं आणि वही. गाडीच्या चमकणाऱ्या, म्हणजे एके काळी चमकणाऱ्या, प्रत्येक भागाला चुंबक लावत जा. घट्ट चिकटलं तर बहुधा आत लोखंड आहे आणि वर क्रोम: बंपर इथे येतील. हे पुन्हा क्रोम होतं. चिकटलं नाही आणि भाग हलका, पांढुरका, गंजाचा मागमूस नाही, तर ॲल्युमिनियम. ते बफिंगने उजळतं. हलकंच ओढ घेतली किंवा चिकटलंच नाही, पण भाग कडक आणि अजून लकाकतोय, तर स्टेनलेस स्टील. त्यावरचा पोचा आतल्या बाजूने ठोकून काढता येतो आणि पॉलिश केलं की नव्यासारखं दिसतं. घरात सर्वांत स्वस्तात होणारं काम हेच. चिकटत नाही, भाग जड आहे आणि पृष्ठभागावर तांदळाच्या कण्यांएवढे फोड आलेत, तर ते झिंकचं ओतकाम. जुन्या गाड्यांचे मोनोग्राम आणि दाराच्या मुठी बऱ्याचदा अशाच असतात. फोड धातूच्या आतून येतात, त्यामुळे नुसतं क्रोम चढवून भागत नाही. पैसे राखून ठेवायचे असतील तर ते या चौथ्या गटासाठी ठेवा. चारही गट वहीत वेगळे लिहा. संध्याकाळपर्यंत तुमची सव्वादोन लाखांची यादी निम्म्यावर आली नाही तर मला आश्चर्य वाटेल.

बंपर क्रोमला द्याल तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: आधी तांबं चढवता का? जुनं क्रोम उतरवायचं, घासायचं, मग तांब्याचा थर, त्यावर निकेल, त्यावर क्रोम. तांबं गाळून आणि निकेल नावाला दाखवून केलेलं काम दुकानातून आणताना आरशासारखं दिसतं आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतं. आपल्याकडच्या खाडीच्या हवेला तेवढं पुरतं. बंपरची आतली बाजूही साफ करून रंगवून घ्या. गंज तिकडूनच सुरू होतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

आता रबर किट. इथे 'ओरिजिनल' हा गुण नसून दोष आहे. १९८५ मध्ये खोक्यात घातलेलं रबर आज चाळीस वर्षांचं झालंय. ते वापरलं नाही म्हणून ताजं राहिलेलं नसतं. रबर खोक्यातही म्हातारं होतं. व्हील सिलिंडरच्या वाट्या, ब्रेकचे होज, पेट्रोल पंपाचा पडदा हे भाग जुन्या साठ्यातले कोणी फुकट दिले तरी लावू नका. हातात घेऊन दुमडून बघा, बाहेरच्या कडेला केसाएवढ्या चिरा उघडतात की नाही ते. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. तुमच्या गाडीचं मूळ रबर ज्या काळात बनलं त्या काळात असलं पेट्रोल कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि मग पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. पेट्रोलचे होज आणि पंपाचा पडदा नवा, इथेनॉल सोसणारा घ्या, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ब्रेक लायनिंगचंही तेच. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते घासताना उडणारी धूळ मिस्त्रीच्याही छातीत जाते आणि तुमच्याही. ब्रेकचे शू तुमचेच ठेवून त्यांवर नवं लायनिंग बसवून घ्या. वायरिंग पूर्ण नवं करा, हवं तर तारांचे रंग जुन्याप्रमाणे ठेवा.

काचेची रबरं नवी बनतात, फक्त नमुना तुमच्या जुन्या रबराचा द्या. दोन इंचांचा तुकडा कापून न्या आणि आडवा छेद जुळवून बघा. 'फियाटचं आहे, बसेल' या शब्दावर आणलेलं रबर पहिल्या पावसात तुमच्या मांडीवर पाणी सोडेल. पुढची काच शाबूत असेल तर रबर कापून काढायला सांगा. रबर वाचवायला जाऊन काच तडकवलेले लोक मला ठाऊक आहेत, आणि काच म्हणजे रबर नव्हे, की नमुना दिला आणि नवी बनली.

पैसा खरा जिथे घालायचा ती जागा दिसत नाही. फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही; बॉडी हाच तिचा सांगाडा. खालचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गेल्या की गाडीचं बळच गेलं. गालिचे उचला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, चाकांच्या कमानी टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा नाही, रंग आहे. डेंटिंगवाल्याला दोन गोष्टी बजावा. दारांखालची पट्टी कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करायचे, नाहीतर कापल्यावर बॉडी बसते आणि दारं आयुष्यभर लागत नाहीत. आणि कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, वरून लांबी (पुट्टी) भरायची नाही. लांबीचं काम ओळखायलाही तेच चुंबक: जिथे ते पकड सोडतं तिथे खाली पत्र्याऐवजी लांबीचा थर आहे. या कामात कुठलंही ओरिजिनल सामान लागत नाही. लागतो तो चांगला पत्रा, सीओटू वेल्डिंग आणि घाई नसलेला माणूस. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ.

इंजिन चालू करून बघायचा मोह होईल. मारू नका स्टार्टर. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार दिवस जाऊ द्या, मग टॉपच्या गिअरमध्ये टाकून गाडी हातानेच पुढेमागे हलवा. त्याआधी चाकं मोकळी करावी लागतील, ते ओघाने आलंच. इंजिन फिरलं तर तुमचे बरेच पैसे वाचले. नाही फिरलं तरी घाबरू नका: बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळचा ६८ मिलिमीटरचा, तो वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसतात, आणि बोर वाढवायला जागाच उरली नसेल तर स्लीव्ह घालून पुन्हा ६८ वर आणता येतो. हे काम वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपमध्ये होऊ शकतं. तिकडची कितीतरी शेड आता काचेची ऑफिसं झाली असली तरी लेथ अजून फिरतायत. एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल: 'कशाला एवढं, मारुतीचं इंजिन बसवून टाकू.' चालायला ते सोपं असेल. पण तसं केलंत तर पुढे कागदपत्रांचा एक दरवाजा बंद होतो.

तो दरवाजा म्हणजे व्हिंटेज नोंदणी. केंद्राने २०२१ च्या जुलैमध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधी नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर राखता येतो. तुमची गाडी वयाने पात्र आहे. मात्र अशी गाडी रोज वापरायची नसते: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर रविवारी बायकोला घेऊन येऊरला जायचा बेत असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा. तपासणी होईल, पर्यावरण कर भरावा लागेल, आणि मग पाच वर्षं निश्चिंत. भावाला हेही सांगा की पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद, हा दिल्लीचा मामला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली की चालते.

कुठलाही रस्ता धरलात तरी आधी आरसी तुमच्या नावावर हवी. ती अजून वडिलांच्या नावावर असणार. मालक वारल्यावर वारसाच्या नावे करायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. उशीर झालाय, दंड पडेल, तो भरा. नावावर नसलेल्या गाडीत लाखभर रुपये घालणं म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला रंग देणं, मग तो दुसरा सख्खा भाऊ का असेना. विम्याचंही पुढे सोपं जाईल: पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि तुम्ही संमतीने ठरवता, आणि त्या वेळी बिलं आणि कामाचे फोटो जवळ असतील तर तुमच्या बोलण्याला वजन येतं.

इटलीहून सामान मागवावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. ११०० तिथलीच, तिथे तिचे चाहते आहेत, गॅस्केटसारखं नवं सामान मिळतं. लहानसहान नवं मागवायला हरकत नाही. युरोचा भाव, कस्टम आणि जीएसटी धरूनच हिशोब करा. वापरलेले भाग आयात करायच्या भानगडीत मात्र पडू नका. आणि कुर्ल्यात घडलेली चमकपट्टी तुरिनच्या गाडीची बसेलच असं नाही.

त्यापेक्षा आपल्या माणसांत मिसळा. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅली होतात, तिथे डिलाइटवाला दिसला की गाठा. या लोकांच्या माळ्यावर एकाऐवजी दोन-दोन हबकॅपचे संच पडलेले असतात आणि त्यांना तुमच्याकडचं काहीतरी हवं असतं. अदलाबदलीत जे मिळतं ते दुकानात त्या भावात कधीच मिळत नाही. नटबोल्टची काळजी नको, फियाट इटालियन म्हणून ते मिलिमीटरचे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

सहा महिन्यांचा प्रश्न खरा तातडीचा आहे, ग्रिलचा नव्हे. बिल्डर तुमच्या फ्लॅटचं भाडं देईल, फियाटचं देणार नाही. करारावर सह्या व्हायच्या आधी नव्या इमारतीतली तुमची पार्किंगची जागा जमिनीवर किंवा पोडियमवर लिहून घ्या. वरखाली करणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये जुनी गाडी अडकवून रोज कोणाला तरी हाका मारत बसाल. मधल्या काळासाठी कोलशेत किंवा वागळेकडे एखाद्या गाळ्याचा कोपरा भाड्याने मिळतो का बघा, नाहीतर बदलापूर-शहापूरकडे कोणा नातेवाइकाची शेड. मिस्त्रीच्या गॅरेजबाहेर उघड्यावर ठेवू नका. पैसे आणि मालक दोन्ही दिसेनासे झालेली गाडी गॅरेजमध्ये हळूहळू इतर गाड्यांना सामान पुरवू लागते. हलवायच्या आधी मोनोग्राम, हबकॅप, मीटर, मागच्या काचा स्वतः काढा, पिशव्यांवर नावं घाला आणि घरी ठेवा. काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो. टोचन लावून ओढू देऊ नका, फ्लॅटबेड बोलवा, तीस-चाळीस किलोमीटरला ते परवडतं. शेडमध्ये प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ धरते आणि वर्षभरात उरलेला पत्राही जातो. सुती चादर पुरे.

पैशाबद्दल थोडकंच. ग्रॅच्युइटीला आणि पीएफला हात लावू नका. वेगळं खातं काढा, त्यात दर महिन्याला जेवढं सहज निघतं तेवढंच टाका आणि गाडीचा खर्च फक्त तिथूनच करा. क्रम असा: कागद, पत्रा, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, इंजिन, रंग आणि सर्वांत शेवटी चमक. चमक पहिली घेतली की पैसे संपतात आणि माळ्यावर नवं बंपर, खाली जुना सांगाडा अशी अवस्था होते. ठाण्यात अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. विकून पैसे सुटतील हा हिशोब मात्र मनातून काढा. तो करायचा असेल तर आजच गाडी आहे तशी, पूर्ण, एखाद्या जाणकाराला द्या. भंगारवाल्याला नाही, आणि सुटी सुटी तर मुळीच नाही.

पत्रा, ब्रेक आणि इंजिन झाल्यावरही ग्रिल हवीच असेल, आणि तुमची खरंच गेलेली असेल, तर अठरा काय वीस द्या. फक्त आपली मोडकी ग्रिल हातात घेऊन जा आणि भोकांवर भोकं ठेवून बघा.

बायकोच्या गप्प बसण्याचं मी काय सांगणार. पण सव्वादोन लाखांची यादी तिला दाखवली असेल तर चुंबकाच्या रविवारी तिलाही खाली घेऊन जा आणि वही तिच्या हातात द्या. आकडा तिच्या डोळ्यांदेखत उतरू दे.

भावाला फोन कराल तेव्हा भंगारावरून वाद घालू नका. फॉर्म ३१ साठी संमतीची सही हवी, एवढंच म्हणा. आणि घर हलवायच्या आधी वडिलांचं कपाट तुम्ही स्वतः आवरा. गाडी घेतल्याची पावती, जुन्या सर्व्हिसची बिलं, कंपनीचं मालकाला दिलेलं पुस्तक, टूलची पिशवी, जॅक. घर बदलताना रद्दीत पहिल्यांदा हेच जातं, आणि यातलं काहीही कुर्ल्याला कुठल्याच भावात मिळत नाही.